मदत हवी आहे: बॉल पायथनच्या (पाळीव आफ्रिकी अजगर) टाकीखालची हीट मॅट (तापणारी चटई) दिवसरात्र चालू, तरी टाकी तापत नाही

एडिसनकर
घाईत आहे, थोडक्यात लिहितो. थर्मोस्टॅट 90 वर ठेवलाय, मॅटचा दिवा सारखा लागलेलाच, आणि आत 77 च्या वर काटा सरकत नाही. साप मॅटकडे फिरकत नाही, पाण्याच्या भांड्याला वेटोळं घालून बसलाय. तीन आठवडे काही खाल्लं नाही. याहून मोठी मॅट कोणती घेऊ? आज मागवली तर शनिवारी येईल. वॅट तेवढे सांगा.

कवड्या
फॅरनहाइट ना? म्हणजे 32 आणि 25 सेल्सिअस. टाकी काचेची की पीव्हीसीची? केवढी? वर जाळी आहे का? खोली किती गार? तळाशी काय घातलंय, किती जाड? आणि थर्मोस्टॅटचा प्रोब, म्हणजे तापमान मोजणारं वायरचं टोक, नेमका कुठे आहे?

टोरांटोकर
मॅटचा नादच सोडा. 100 वॅटचा सिरॅमिक हीट एमिटर (उजेड न देता तापणारा बल्ब), तो बसवायला पोर्सेलिन होल्डरचा डोम, म्हणजे जाळीवर ठेवायची घुमटासारखी शेड, काम संपलं. मॅट तिला टेकलेली वस्तू तापवते, हवा नाही.

एडिसनकर
40 गॅलन, काच, वर जाळी. बेसमेंट, रात्री 64 पर्यंत उतरतं. नारळाचा भुसा 3 इंच. प्रोब आतच आहे, सोबत आलेल्या रबरी कपाने उबदार बाजूच्या काचेला चिकटवलाय, भुशापासून चार बोटं वर. त्याचा काय संबंध? मी मॅटबद्दल विचारतोय.

कवड्या
सगळा संबंध त्याचाच आहे. आधी मॅटचा प्लग काढा, मग पुढचं वाचा.

तुमचा थर्मोस्टॅट हवा मोजतोय आणि मॅट तापवतेय तळाची काच. 18 अंशांच्या तळघरात, वर उघडी जाळी असताना, ती हवा 32 ला कधीच पोचणार नाही. म्हणून थर्मोस्टॅट मॅट बंदच करत नाही. वर 3 इंच भुशाची गोधडी, त्यामुळे उष्णता खालीच कोंडते. साप गार जागा शोधत भुसा उकरतो आणि थेट त्या काचेवर पोट टेकतो. तापलेल्या तळावरून साप लगेच उठत नाही, पडून राहतो आणि भाजतो. मोठी मॅट लावलीत तर हेच दुप्पट जागेत होईल.

टेंपरेचर गन (लांबून रोखून तापमान मोजायचं यंत्र) असेल तर भुसा बाजूला करून काचेवर मारा. मग सापाला अलगद उचलून पोटाचे खवले बघा: गुलाबी, तपकिरी डाग, पाण्याचे फोड.

रानवाट
तीन आठवडे उपाशी म्हणताय तर उंदीर रात्रभर फ्रिजमध्ये वितळवा, पिशवीत घालून गरम पाण्यात धरा, डोकं 38 सेल्सिअसपर्यंत आलं की चिमट्याने हलवत द्या. लगेच झडप घालतो.

कवड्या
आत्ता खाऊ घालू नका. टाकीचं तापमान बसलेलं नसताना गिळलेलं नीट पचत नाही, उलटून येतं. बॉल पायथन हिवाळ्यात तसाही उपास धरतो. आठवड्याला वजन करा, ते टिकून असेल तर थांबता येतं.

एडिसनकर
काच 117 दाखवतेय!! प्लग काढला. पोटाला डाग दिसत नाहीत, मधल्या दोन-तीन खवल्यांना थोडी लाली वाटतेय.

कवड्या
117 म्हणजे 47 सेल्सिअस. लालीचा फोटो आजच सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरांना पाठवा. भाजल्याची खूण कधीकधी काही दिवसांनी उमटते. तोवर भुसा काढून टिश्यू पेपर अंथरा, जखम असेल तर भुशाचे कण चिकटतात. घरातलं मलम लावू नका.

टोरांटोकर
म्हणूनच म्हटलं, एमिटर.

दिवड
एमिटर वरची कातडी तापवतो आणि हवा कोरडी करतो. त्यापेक्षा 80 वॅटचा डीप हीट प्रोजेक्टर, तोही बिनउजेडाचा बल्ब, पण त्याची उष्णता अंगात खोलवर जाते. पण त्याला साधा चालू-बंद थर्मोस्टॅट लावू नका, वीज कमी-जास्त करणारा डिमिंग किंवा ती छोट्या झटक्यांत सोडणारा पल्सचा लागतो.

टोरांटोकर
64 अंशांच्या तळघरात रात्रभर हवा धरून ठेवायची तर एमिटरच. दमटपणा जातो तो उघड्या जाळीमुळे. डोमभोवती तीन-चार इंच मोकळं सोडून उरलेल्या जाळीवर ॲल्युमिनियम फॉइल घाला. मागे आणि दोन्ही बाजूंनी बाहेरून फोमची पाटी. दमटपणा 60 ते 80 टक्के टिकतो.

दिवड
बरं, फॉइल मान्य. पण एमिटरलाही पल्स थर्मोस्टॅटच हवा. चालू-बंदवर तापमान खालीवर झोके खातं.

सातारकर
भारतात कोणी हे वाचून साप घ्यायला जाऊ नका. धामण, अजगर, मांडूळ पाळणं 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. बॉल पायथन परदेशी असला तरी साइटिसच्या (वन्यजीव व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीतला, 2022 च्या दुरुस्तीनंतर त्याचीही नोंदणी सरकारच्या परिवेश पोर्टलवर लागते.

एडिसनकर
मी अमेरिकेत, न्यू जर्सीत आहे. प्रोब कुठे लावू ते सांगा.

कवड्या
डोमचा थर्मोस्टॅट वेगळा. त्याचा प्रोब डोमखाली, वेटोळं घातलेल्या सापाच्या पाठीइतक्या उंचीवर, केबल टायने पक्का. रबरी कप सुटतो. प्रोब पाण्याच्या भांड्यात पडला तर थर्मोस्टॅटला सगळं गारच वाटतं आणि हीटर पूर्ण ताकदीने चालू राहतो. आत चिकटपट्टी अजिबात नको, सापाला चिकटली की खवल्यांसकट निघते. उबदार बाजू 88 ते 92, गार बाजू 76 ते 80, रात्री 75 च्या खाली नाही.

मॅट ठेवायचीच असेल तर जुना थर्मोस्टॅट तिला, प्रोब बाहेरून मॅट आणि काचेच्या मध्ये, भुसा एका इंचावर आणा. सुरुवात 85 वर, दोन तासांनी आतल्या काचेवर गन मारा, 90 दिसेपर्यंत एकेक अंश वाढवा. दोन्ही टोकांना डिजिटल थर्मामीटर हवेतच. थर्मोस्टॅटवरचा आकडा त्याच्या प्रोबपुरता खरा.

एडिसनकर
एमिटर, पल्स थर्मोस्टॅट, दोन थर्मामीटर मागवले. डॉक्टरांचा फोन आला, उद्या घेऊन या म्हणाले. तोवर आजची रात्र कशी काढू?

टोरांटोकर
ऑइल रेडिएटर असेल तर खोलीच 78 वर ठेवा. नसेल तर टाकी वरच्या मजल्यावर न्या.