इतिहासातल्या तारखा आजच्या कॅलेंडरात बदलून लिहाव्यात का? १७०० सालाचंच बघा

तिथीवाला:
माझं ठाम मत आहे की नुसती बदललेली तारीख छापणं चूक आहे. नार्वाची लढाई घ्या, रशिया विरुद्ध स्वीडन. आज आपण वाचतो ३० नोव्हेंबर १७००, पण त्या दिवशी रशियन छावणीत १९ नोव्हेंबर होता आणि स्वीडिश छावणीत २०! म्हणजे आपण जी तारीख वाचतो ती दोन्ही सैन्यांत कोणीच वापरत नव्हतं. आणि त्याच दिवशी आपल्याकडे शक १६२२ चालू होता, हिजरी १११२, ज्यू लोकांचं ५४६१, इथिओपियात १६९३, जपानात गेन्रोकू कालखंडाचं १३वं वर्ष, चीनमध्ये कांगशी बादशहाचं ३९वं वर्ष. हे सगळं पुसून वर एकच आकडा ठेवायचा, मला पटत नाही.

सरळरेघ:
वाचायला छान वाटतं पण काम कसं करणार? एक घटना मॉस्कोची, एक लंडनची, एक इस्तंबूलची, आधी काय घडलं नंतर काय हे कळायला मोजपट्टी एकच लागते. स्कॅलिजर नावाच्या विद्वानाने १५८३ मध्ये ज्युलियन पीरियड (सगळ्या घटनांसाठी एकच सलग कालमोजणी) मांडला तो ह्यासाठीच, आणि खगोलवाले आजही त्यावरून दिवस मोजतात. आणि हिजरी वर्ष ३५४-३५५ दिवसांचं, १११२ सुरू झालं १७०० च्या जूनमध्ये, संपलं १७०१ च्या जूनमध्ये. नुसतं '१११२' लिहिलंत तर वाचणारा कुठलं साल धरेल?

तिथीवाला:
बदलू नका असं मी कुठे म्हणालो, मूळ तारीख शेजारी ठेवा एवढंच म्हणतोय. इंग्लंडात तेव्हा नवं वर्ष २५ मार्चला लागायचं, म्हणून फेब्रुवारीतल्या पत्रावर लोक स्वतःच १६९९/१७०० असं लिहायचे. त्यांना दोन आकडे जड गेले नाहीत, मग आपल्याला का जावेत?

सरळरेघ:
अहो पण त्यांचे घोळ पण बघा की. स्वीडनने ठरवलं की ४० वर्षं लीप दिवस गाळत हळूहळू ग्रेगोरियनला, म्हणजे आजच्या कॅलेंडरला, पोचायचं. १७०० चा २९ फेब्रुवारी गाळला, आणि १७०४, १७०८ ला गाळायचं राहूनच गेलं. शेवटी १७१२ मध्ये ३० फेब्रुवारी घालून परत ज्युलियनवर, म्हणजे जुन्या कॅलेंडरवर, आले!! बारा वर्षं हा देश जुन्यापेक्षा एक दिवस पुढे आणि नव्यापेक्षा दहा दिवस मागे. असली तारीख जशीच्या तशी छापली तर वाचक चुकणारच, त्यात त्याचा काय दोष.

निशाचर:
मधेच बोलतो. मला तर हा घोळच महत्त्वाचा वाटतो, कारण कॅलेंडर बदलणं म्हणजे सत्तेचा निर्णय असतो. रशियात जगाच्या उत्पत्तीपासून ७२०८ चालू होतं, वर्ष सप्टेंबरात लागायचं. रशियाचा झार पीटर, त्याने हुकूम काढला आणि ३१ डिसेंबरनंतर थेट १ जानेवारी १७००, म्हणजे ७२०८ चारच महिन्यांत संपलं. पण दिवस मात्र ज्युलियनच ठेवले. डेन्मार्कमध्ये त्याच वर्षी खगोलशास्त्रज्ञ ऱ्योमरच्या पुढाकाराने १८ फेब्रुवारीनंतर एकदम १ मार्च आला, जर्मनीतल्या प्रोटेस्टंट राज्यांतही तेच. ग्रेगोरियन ही पोपने १५८२ ला केलेली सुधारणा आहे म्हणून इतकी वर्षं अडून बसले होते हे लोक. सगळं ग्रेगोरियन करून टाकलं की ही भांडणं दिसतच नाहीत.

सरळरेघ:
हे मान्य, पण ते कॅलेंडरच्या इतिहासात सांगा ना, प्रत्येक लढाईच्या ओळीत कशाला.

तिथीवाला:
कारण पीटरचं त्या आठवड्यातलं पत्र उघडलंत तर त्यावर जुनीच तारीख असणार. ती ग्रेगोरियन समजून बसलात तर ११ दिवसांनी चुकाल, आणि लढाईनंतरचं पत्र लढाईच्या आधीचं वाटेल. मोजपट्टी तुमचीच घ्या, फक्त तारखेपुढे 'ज्यु.' का 'ग्रे.' तेवढं लिहा.

सरळरेघ:
'ज्यु.', 'ग्रे.' लिहायला माझी काहीच हरकत नाही. स्वीडिश तारीख मात्र मी तळटीपेतच टाकणार.