मदत हवी आहे: दिवसा पास होणाऱ्या टेस्ट रात्री फेल होतात

नमस्कार मंडळी. गावातल्या वाचनालयासाठी आम्ही फ्लास्क (पायथनचं वेब फ्रेमवर्क) आणि पोस्टग्रेस (डेटाबेस) वापरून पुस्तक देवघेवीचं सॉफ्टवेअर बनवतोय. गिटहब अ‍ॅक्शन्सवर प्रत्येक पुशला, म्हणजे नवा कोड चढवला की, पायटेस्ट (पायथनच्या टेस्ट चालवणारं साधन) आपोआप चालते, तो भाग नीट बसलाय. अडचण रात्रीच्या रनची आहे. क्रॉन (ठरलेल्या वेळी रन सुरू करणारं वेळापत्रक) यूटीसीप्रमाणे, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेप्रमाणे, चालतो, म्हणून आपल्या रात्री 2 साठी '30 20 * * *' ठेवलाय. नेमक्या त्याच रनमध्ये विलंब शुल्काच्या टेस्ट एका दिवसाने चुकतात. कोड तारीख भारतीय वेळेने काढतो. टेस्टमधला 'आज' मात्र रनरच्या (टेस्ट चालवणाऱ्या मशीनच्या) घड्याळाचा, म्हणजे यूटीसीचा. मध्यरात्र ते पहाटे साडेपाच दोन्हींच्या तारखा वेगळ्या पडतात.

वर्कफ्लोमध्ये (या रनच्या सेटिंगच्या फाइलमध्ये) टाइमझोन बदलला तर टेस्ट पास होतील, पण ते मला पटत नाही. उद्या दुसऱ्या सर्व्हरवर पुन्हा तेच होईल आणि एखाद्या पोराला नाहक दंड बसेल. फ्रीझगनने (टेस्टपुरती पायथनची वेळ थांबवणारी लायब्ररी) वेळ गोठवावी म्हटलं, तर पोस्टग्रेसचं 'करंट_डेट', म्हणजे डेटाबेसची स्वतःची आजची तारीख, त्याला जुमानत नाही, आणि मुदत संपलेल्या पुस्तकांची यादी त्यावरच निघते.

अशा वेळी तुम्ही तारीख पायथनमधून पॅरामीटर म्हणून क्वेरीला देता, की डेटाबेसमध्येच काही सोय करता? चालू प्रोजेक्टमध्ये हे केलेल्या कुणी सांगितलं तर फार बरं होईल.