चार कमी पटाच्या शाळांची एक समूह शाळा : ठरावाआधी काय तपासायचं?

वाडीकर
डोंगरी तालुका. जिल्हा परिषदेच्या चार शाळा, सगळ्या पहिली ते पाचवी. मुख्य गावाचा पट 48, तीन वाड्यांचा 14, 11 आणि 9. वाड्या गावापासून दोन ते साडेचार किलोमीटरवर. तालुक्यावरून सांगतात की एवढ्या कमी पटावर खर्च झेपत नाही, शाळा एकत्र केल्या तर वर्गागणिक शिक्षक, संगणक, गाडी सगळं मिळेल. गावात सरळ दोन तट पडलेत. पुढच्या महिन्यात शाळा व्यवस्थापन समिती आणि ग्रामसभा, दोन्हींचे ठराव मागितलेत. 'शाळा वाचवा' विरुद्ध 'मुलांचं नुकसान' हे ऐकून झालंय. आकडे आणि नियम कुणी मांडेल का?

संचमान्यता
आधी 'वर्गागणिक शिक्षक' हे आश्वासन तपासा, कारण सगळा डोलारा त्यावरच उभा आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीला 60 पटापर्यंत दोन शिक्षक, 61 ते 90 ला तीन, 91 ते 120 ला चार, त्यापुढे पाच. तुमची बेरीज होते 82, म्हणजे तीन शिक्षक आणि पाच वर्ग. वर्गागणिक शिक्षकासाठी 121 पट लागतो, तो या चार गावांत मिळून नाही.

आज कायद्याच्या हिशेबाने चार शाळांची आठ पदं होतात. एकत्र केल्यावर तीन. खर्चाची बचत म्हणतात ती या पाच पगारांची, खडू-फळ्याची नव्हे. आणि 34 वाडीकर मुलांपैकी 22 गळाली, म्हणजे खासगी इंग्रजी शाळेत, आश्रमशाळेत किंवा ऊसतोडीला आईबापांबरोबर गेली, की पट 60 वर येतो आणि तिसरं पदही जातं. शिवाय मार्च 2024 च्या संचमान्यतेच्या (पटावरून शिक्षकांची पदं मंजूर करण्याच्या) निकषांत वाढीव पदाची अट परिशिष्टापेक्षा कडक आहे. म्हणून 'एकत्र पटावर किती पदं मंजूर होतील' हे गटशिक्षणाधिकाऱ्यांकडून लेखी घ्या. तोंडी उत्तराला किंमत नाही.

संयुक्त शाळा अनुदानाचाही, म्हणजे शाळेला खर्चासाठी दरवर्षी मिळणाऱ्या रकमेचाही हिशेब मांडा. 30 पटापर्यंत 10,000 आणि 31 ते 100 ला 25,000 रुपये. आज चारही शाळांचे मिळून 55,000, उद्या 25,000. वीजबिल तेवढंच राहील असं समजू नका, वर्गखोल्या वाढणार आहेत.

खडूफळा
हिशेब बरोबर आहे, पण वाडीवरच्या शाळेत प्रत्यक्ष काय चालतं तेही लिहा ना. नऊ पोरं, पाच इयत्ता, कागदावर दोन शिक्षक. त्यातला एक केंद्रशाळेच्या बैठकीला, प्रशिक्षणाला किंवा मतदार यादीच्या कामाला. उरलेला एकीकडे पहिलीला अक्षरगट देतो आणि त्याच तासात पाचवीला अपूर्णांक. चौथीत एकच मुलगी, तिनं गटकार्य कुणाबरोबर करायचं? बहुवर्ग अध्यापन नीट करता येतं, पण त्याला तयार शिक्षक लागतो आणि तो दरवर्षी बदलीत हलता कामा नये. ही अट कोण पाळतं?

पुणे जिल्ह्यातल्या पानशेतची समूह शाळा दाखवून सप्टेंबर 2023 मध्ये राज्यभरातून प्रस्ताव मागवले गेले. वीसपेक्षा कमी पटाच्या 14,783 शाळा, 1,85,467 मुलं, असा तेव्हाचा आकडा होता. पण पानशेतला आधी इमारत आणि बस उभी राहिली, मग मुलं हलली. तुमच्याकडे क्रम उलटा असेल तर विरोध करा, कल्पनेला नको.

माझ्या मते मधला मार्ग असा: पहिली-दुसरी वाडीवरच ठेवा, तिसरी ते पाचवी गावात न्या. सहा वर्षांचं पोर साडेचार किलोमीटर पाठवायचं नाही, यावर दोन्ही तटांचं जमेल.

पायवाट
गाडीचं गणित कुणी करत नाही म्हणून करतो. राज्याच्या 2011 च्या नियमांत पहिली ते पाचवीला शाळा एक किलोमीटरच्या आत हवी. त्यापलीकडे वाहतूक भत्ता, वर्षाला मुलामागे 6,000 रुपयांपर्यंत. नऊ मुलांचे 54,000. दहा महिन्यांत वाटले तर महिन्याला 5,400, कामाचे 23 दिवस धरले तर रोजचे जेमतेम 235. साडेचार किलोमीटरची वाडी, सकाळ-संध्याकाळ, रिकामी फेरी धरून 18 किलोमीटर. घाटरस्त्यावर या पैशात कोण येतो? वडाप जीप, म्हणजे माणसं कोंबून नेणारी खासगी गाडी. तीत आधीच बाजारहाटाची माणसं, आणि पोरं मागे लटकलेली. स्कूलबसच्या नियमांप्रमाणे परवाना, मदतनीस आणि शालेय परिवहन समिती लागते, ते वडापवाल्याला परवडत नाही.

तिन्ही वाड्या एकाच रस्त्यावर असतील तर 34 मुलांचे महिन्याला 20,400 होतात, मग गाडी जमू शकते. नसतील तर नाही.

पैसे पालकाच्या किंवा मुलाच्या खात्यात जमा होतात, तेही बऱ्याचदा सत्र संपल्यावर. गाडीवाल्याला मात्र महिन्याच्या महिन्याला हवेत. दोन महिने थकले की गाडी बंद, आणि गळती तिथूनच लागते. पहिल्या तीन महिन्यांची उचल ग्रामपंचायत स्वनिधीतून देईल का, हे ठरावाआधीच ठरवा.

अंतर मोजताना वस्तीपासून, चालायच्या वाटेनं मोजा. नकाशावरचं हवाई अंतर दाखवून 'एक किलोमीटरच्या आतच आहे' म्हणतात. मध्ये ओढा असेल तर तो जुलैत पोरांना ओलांडता येतो का, याचा स्थळपाहणी पंचनामा करून घ्या.

वाडीकर
तिन्ही वाड्या एका रस्त्यावर नाहीत, दोन आहेत. 9 पटाची वेगळ्या अंगाला. खिचडी शिजवणाऱ्या बायकांचं काय होतं? आणि ठराव एकच करायचा की चार?

दप्तर
चार. प्रत्येक शाळेची व्यवस्थापन समिती वेगळी आहे, मुख्य गावाच्या समितीने वाडीच्या वतीने ठराव करायचा नाही. समितीत 75 टक्के पालक आणि निम्म्या महिला असतात, कोरम पाहून सह्या घ्या. एकत्र झाल्यावर नव्या समितीत वाड्यांच्या पालकांना किती जागा, हेही आताच लिहून घ्या.

स्वयंपाकी-मदतनीस 25 पटापर्यंत एक, 26 ते 100 ला दोन. आज तीन वाड्यांच्या तीन आणि गावच्या दोन अशा पाच. एकत्र 82 पटावर दोनच. महिना 2,500 मानधनाच्या तीन बायका घरी बसतील, आणि त्या साधारणपणे वाडीतल्याच असतात. वाडीवर पहिली-दुसरी राहिली तर त्यांचं काम टिकतं.

ज्याकडे सगळे दुर्लक्ष करतात ते जनरल रजिस्टर, म्हणजे शाळेत दाखल झालेल्या प्रत्येक मुलाच्या नोंदीची वही. जात पडताळणीला अनुसूचित जातीसाठी 1950, विमुक्त-भटक्यांसाठी 1961 आणि इतर मागासवर्गासाठी 1967 पूर्वीचा पुरावा लागतो, तो बऱ्याच घरांत आजोबांच्या शाळेतल्या नोंदीतच सापडतो. शाळा बंद झाली की ही रजिस्टरं गोणीत भरून पंचायत समितीच्या माळ्यावर जातात, वाळवी लागते. हस्तांतरणाची यादी खंडनिहाय करा: रजिस्टरचा क्रमांक, पहिली आणि शेवटची नोंद, एकूण पानं, फाटकी पानं वेगळी. देणारा आणि घेणारा मुख्याध्यापक दोघांच्या सह्या, एक प्रत ग्रामपंचायतीत. जमलं तर त्याआधी प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा.

इमारतीच्या जागेचा सातबारा आणि बक्षीसपत्रही काढा. शाळेसाठीच जमीन दिल्याची अट असेल तर देणाऱ्याचे वारस उद्या दारात उभे राहतात.