कव्हरस्लिपला आधी पाय द्या

सूक्ष्मदर्शकाखाली जिवंत हायड्रा (गोड्या पाण्यातला नळीसारखा इवलासा प्राणी) बघताना कव्हरस्लिप, म्हणजे थेंबावर ठेवायची पातळ काच, टाकली की तो चेंगरतो, न टाकावी तर हलत राहतो, अशी अडचण अनेकांना येते. पाणी घट्ट करून हालचाल मंदावणारं मेथिल सेल्युलोज पॅरामेशियमसारख्या एकपेशीय जीवासाठी उत्तम, पण हायड्राला त्याची गरज नाही. कव्हरस्लिपच्या चारही कोपऱ्यांना मोहरीएवढं व्हॅसलिन लावा (हेच तिचे पाय), थेंबावर अलगद टेकवा, आणि आयपीसमधून बघत बघत सुईने एकेक कोपरा किंचित दाबत जा. हायड्रा जेमतेम अडला की लगेच थांबायचं. सगळं कसब इथेच आहे, घाई अजिबात नको. कडा पूर्ण बंद करू नका. एका बाजूने ड्रॉपरने ताजं पाणी घालता आलं पाहिजे.

जीव स्थिर ठेवायला अ‍ॅगारोज (गरम असताना पातळ, थंड झाल्यावर जेलीसारखा गोठणारा पदार्थ) सुचवणाऱ्यांनी हवामानही बघावं. कमी तापमानाला वितळणारं अ‍ॅगारोज साधारण २६ ते ३० अंशांना गोठतं, आणि आमच्या बडोद्यात मे महिन्यात खोलीच त्याहून गरम असते! स्लाइड बर्फावरच्या स्टीलच्या ताटलीत ठेवली तर जमतं. झेब्राफिश या छोट्या माशाच्या गर्भासाठी ही पद्धत छानच आहे. हायड्राला मात्र उष्णता सोसत नाही, त्याच्यावर कोमट अ‍ॅगारोज ओतू नका.