निसानमध्येच म्हणायचा असं नाहीये

ज्यू लोकांचा फळझाडांच्या मोहोराचा आशीर्वाद, म्हणजे बिरकत हा-इलानोत, निसान या ज्यू महिन्यातच (साधारण मार्च-एप्रिल) म्हणायचा, नाहीतर ते वर्ष गेलं, असं काहीजण म्हणतात. एवढं कडक नाहीये ते. तालमूद या ज्यू धर्मग्रंथात (बराखोत या भागात) राव यहूदा या धर्मपंडितांनी निसानचं नाव घेतलंय हे खरं, पण मिश्ना बरुरा या नंतरच्या धर्मनियमांच्या ग्रंथाचं म्हणणं असं की उष्ण देशांत झाडं साधारण तेव्हा फुलतात म्हणून निसान म्हटलंय, खरी अट मोहोर बघण्याची, आणि म्हणूनच मेलबर्नकडचे कितीतरी ज्यू लोक हा आशीर्वाद सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, तिथल्या वसंतात, म्हणतात. कब्बाला (ज्यू गूढविद्या) मानणारे आणि बरेच सेफार्दी (मूळ स्पेन-पोर्तुगालकडच्या परंपरेचे ज्यू) मात्र निसानवरच ठाम, त्यांना शिवाय निदान दोन झाडं समोर लागतात.

बाकी झाड फळाचंच हवं, नुसतं शोभेचं चालत नाही, आणि वर्षातून एकदाच. शुल्हान आरूख या ज्यू धर्मनियमांच्या ग्रंथाप्रमाणे फळं मोठी झाल्यावर म्हणता येत नाही. इस्रायलमध्ये बदाम जानेवारी-फेब्रुवारीतच फुलून जातो, निसान येईपर्यंत त्याला हिरवे बदाम लागलेले असतात, मग निसान पाळणाऱ्याने दुसरं झाड बघायचं. मला स्वतःला यातलं सगळ्यात सुंदर हे वाटतं की फळ हातात यायच्या आधीच, नुसता मोहोर बघून, देवाने जगात काही कमी ठेवलं नाही असं म्हणायचं.

आपल्याकडे अलिबागच्या बेने इस्रायली (कोकणातले मराठी ज्यू) घरातही हाच पेच, आंबा पौष-माघात मोहरतो आणि निसानमध्ये कैऱ्या लटकत असतात. तिथे जांभूळ बघावं, ते चैत्राच्या सुमाराला फुलतं.