मार्च अर्धा सरला तरी मेपलचा रस का गळत नाही?

धरमपेठकर (प्रश्न)
नमस्कार. माझी मुलगी आणि जावई कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात एका तळ्याकाठच्या खेड्यात राहतात. घरामागे मेपलची बारा जुनी झाडे असल्यामुळे यंदा प्रथमच त्यांचा रस आटवून घरी सिरप, म्हणजे गोड पाक, करायचे त्यांनी ठरवले आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात खोडांना भोके पाडून तोट्या ठोकल्या, खाली बादल्या टांगल्या. आज सोळा तारीख. काल व्हिडिओ कॉलवर जावईबापूंनी बादलीचे झाकण उचलून दाखवले, तर तोटीच्या तोंडाशी करंगळीएवढा बर्फाचा सुळका लोंबत होता आणि बादली कोरडी ठणठणीत होती. त्यांच्याकडे भर दुपारीही पारा शून्याच्या वर चढत नाही, तळे अजून गोठलेले आहे. इकडे आम्ही कूलरला वाळ्याच्या नव्या ताट्या लावायच्या बेतात आहोत, त्यामुळे हा उशीर किती काळजीचा हे मला उमगत नाही. हंगाम हातचा गेला असे समजावे काय? पाडलेली भोके वाया जातील काय?

बजाजनगरवासी
नमस्कार ताई. मी काही वर्षे अमेरिकेतील व्हरमाँटमध्ये होतो आणि शेजाऱ्यांच्या झाडांच्या बादल्या वाहण्याचे काम हौसेने केले आहे. हंगाम गेलेला नाही, तो अजून लागायचा आहे.

मेपलचा रस नुसत्या उबेने वाहत नाही; त्याला रात्री गोठणे आणि दिवसा वितळणे असा हेलकावा लागतो. रात्री साधारण उणे ५ आणि दुपारी अधिक ५ अंश सेल्सिअस असले की उत्तम. रात्री खोडातील तंतुपेशींमध्ये बर्फ धरतो, तेथील वायू दाबला जातो आणि झाड मुळांकडून पाणी वर ओढून घेते. दिवसा बर्फ वितळून तो वायू फुगला की आतला दाब वाढतो आणि जिथे भोक सापडेल तिथून रस बाहेर पडतो. आपल्या मुलीकडे सध्या हेलकाव्याचा दिवसाचा भागच नाही, इतकेच.

भोकांचे म्हणाल, तर ती सहा ते आठ आठवडे कामी येतात. पुढे जंतूंच्या वाढीमुळे लाकूड आतून बुजू लागते, पण कडक थंडीत ती वाढही मंद असते. पुन्हा नवी भोके मात्र पाडू नयेत, प्रत्येक भोक ही झाडाला जखमच आहे.

काटोलचा बागायतदार
विषय आमच्या पिकाचा नाही, तरी एक शंका विचारतो. आम्ही संत्र्याच्या आंबिया बहारासाठी पाणी तोडून ताण देतो, आणि थंडी लांबली की फूट मागे पडते, पुढचे सगळे वेळापत्रक लांबते. मेपलमध्येही उशिरामुळे गोडी कमी होत असेल काय?

बजाजनगरवासी
गोडीचा हिशेब गेल्या उन्हाळ्यातच झालेला असतो. पानांनी तेव्हा केलेली साखर पिष्टमय रूपात लाकडात साठते आणि थंडीत तिची पुन्हा साखर होते. खरी भीती शेवटाची आहे. थंडी लांबली आणि एप्रिलमध्ये एकदम ऊब आली, तर कळ्या फुगतात, रसाला उग्र वास येतो आणि मग तो कितीही आला तरी सिरपच्या कामाचा राहत नाही. या बाबतीत तळे थोडीफार मदत करील: जोवर त्यावर बर्फ आहे तोवर काठची हवा गार राहते आणि कळ्याही दबून राहतात.

एक आगाऊ सूचना. रसात साखर साधारण दोन टक्केच असते, म्हणून सुमारे ४० लिटर रस आटवावा तेव्हा एक लिटर सिरप होते. ही वाफ घरात कोंडू देऊ नये. गुऱ्हाळासारखी चूल अंगणातच मांडावी. आपण पाक बोटावर तार धरून पाहतो, तसा अंदाज येथे चालत नाही. पाणी ज्या तापमानाला उकळते त्याच्या चार अंश वर उकळी गेली की उतरवावे, त्यासाठी थर्मामीटर हवाच.

धरमपेठकर
सर्वांचे आभार. परवा रात्री उणे ६ आणि दुपारी अधिक ३ असे तापमान झाले आणि दीडच्या सुमारास दक्षिणेकडे ऊन घेणाऱ्या चार झाडांनी थेंब सोडले. उरलेली आठ अजून गप्प आहेत. संध्याकाळपर्यंत नऊ लिटर रस जमला आणि त्याचे जेमतेम एक वाटी सिरप झाले. आपली सूचना वाचायच्या आधीच जावईबापूंनी तो रस स्वयंपाकघरातल्या गॅसवर आटवला होता, त्यामुळे सध्या मुलगी स्टुलावर चढून छताचा चिकट थर ओल्या फडक्याने पुसत आहे.