नाशिकला जंगल नाही म्हणणाऱ्यांना उत्तर

गोदाकाठ
परवा सिडकोकरांनी लिहिलं: "रविवारी बोरिवलीच्या नॅशनल पार्कात दिवसभर चाललो. सकाळची पंचवटी एक्स्प्रेस पकडली, रात्री घरी. जंगल म्हणजे काय ते तिथे कळलं. नाशिकला नुसते बोडके डोंगर आणि वर रीलवाल्यांची जत्रा." त्याखाली वाहवा करणाऱ्यांची रांग लागलेली पाहून राहवलं नाही, म्हणून वेगळा धागा.

बोरिवलीचं उद्यान मलाही आवडतं. तिथल्या कान्हेरी लेण्यांत कातळात खोदलेली टाकी आणि त्यांत पाणी उतरवणारे पाट बघत तासन्‌तास जातात. मुंबई-ठाण्याच्या मधोमध शंभरेक चौरस किलोमीटर रान शिल्लक आहे, पण ते आपोआप राहिलेलं नाही. 1860 ला विहार आणि 1879 ला तुळशी तलाव झाला, शहराच्या पाण्यासाठी भोवतालचं रान राखलं गेलं. पुढे राष्ट्रीय उद्यान झालं, फाटक आलं, तिकीट आलं, सोमवारी बंद. शिलोंड्याच्या वाटेवर परवानगीशिवाय पाऊल टाकता येत नाही.

आता आपल्या नाशिकजवळचा अंजनेरी डोंगर बघा. कड्यात गिधाडांची घरटी. जिच्या शास्त्रीय नावातच अंजनेरी आहे ती कंदीलपुष्पाची जात पावसाळ्यात माथ्यावरच्या गवतात उमलते. कागदोपत्री ते संवर्धन राखीव क्षेत्र आहे. आणि श्रावणातल्या रविवारी त्याच गवतावर माणसं गाणी लावून नाचत असतात. ब्रह्मगिरी, हरिहरचीही तीच गत. माझं म्हणणं एवढंच, की रोजची माणसांची संख्या ठरवा, पावती घ्या, प्लास्टिकसाठी अनामत घ्या. बोरिवलीचं कौतुक करायचं आणि इथे तेच नियम मागायचे नाहीत, हे मला पटत नाही.

सिडकोकर
माझं अर्धंच वाक्य उचललंत. मी वडिलांना आणि लेकीला घेऊन गेलो होतो. तिथे स्वच्छतागृह होतं, पिण्याचं पाणी होतं, वाटेवर पाट्या होत्या. इथल्या एका गडाच्या पायथ्याला बायकोला आडोसा शोधत फिरावं लागलं, सगळीकडे गाड्या लागलेल्या. त्या दिवशी घरात ठरलं, पुन्हा नको. तुम्हाला फुलं दिसतात, मला हे दिसतं.

रानवेल
सिडकोकर, स्वच्छतागृहाचं शंभर टक्के खरं, बाई म्हणून सांगते. पण "बोडके डोंगर" हे फार चुकीचं लिहिलंत. आपल्या डोंगरांचे माथे म्हणजे सडे, उघड्या कातळाची सपाट पठारं. तिथे मातीचा थर जेमतेम, मोठं झाड धरतच नाही. ते गवत हीच तिथली जुनी, स्वतःची सृष्टी. उतारावरचं पानझडी रान चैत्रात उघडं दिसतं म्हणून मेलेलं नसतं. याच गैरसमजातून दर जूनमध्ये कुणीतरी माथ्यावर खड्डे घेऊन गुलमोहर लावतं आणि त्याचे फोटो टाकतं. त्याचा मला रीलवाल्यांपेक्षा जास्त त्रास होतो.

कातळपायरी
गोदाकाठ, फाटक मागताय, पण फाटक आल्यावर काय होतं ते मी बघितलंय. एका किल्ल्याखाली नाका बसला. पहाटे चढणारे आम्ही, दोन तास खोळंबलो कारण पावतीवाला नऊला आला. वर ना राखणदार, ना कचऱ्याचा डबा. पैसे कुठे गेले देव जाणे. खालच्या मावशींचा पिठलं-भाकरीचा धंदा मात्र बसला, कारण गाड्या आता नाक्यापलीकडच्या हॉटेलपाशी थांबतात. आम्ही पोरं हरिहरच्या पायऱ्या पावसात धरून चढलो तेव्हा कुणी आम्हाला नियम शिकवले नव्हते. डोंगर सगळ्यांचा आहे.

गोदाकाठ
सगळ्यांचा आहे म्हणूनच त्या अरुंद पायऱ्यांवर एकावर एक माणसं अडकतात. वरचे उतरू शकत नाहीत, खालचे चढू शकत नाहीत. तिथे एकाचा पाय सटकला तर काय, याचं उत्तर द्या.

घोटीकर
तुम्ही सगळे कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य विसरलात. 1986 पासून आहे. घोटीवरून बारी, पुढे भंडारदरा, रतनवाडी. सकाळी निघून रात्री नाशकात परत. याच्यासाठी बोरिवलीला जायचं?

सिडकोकर
ते नगर जिल्ह्यात.

घोटीकर
बिबट्याला जिल्ह्याची हद्द कळत नाही, तुम्हीही धरू नका.

सिडकोकर
बिबट्यावरून आठवलं. बोरिवलीच्या गाइडनी सांगितलं, एवढ्याशा रानात कितीतरी बिबटे आहेत, कडेला लाखो माणसं राहतात आणि तरी निभावतं. आपल्याकडे एक दिसला की गावभर आरडाओरडा. आपणही शिकायला हवं.

निफाडचा ऊसवाला
हे वाचून डोकं फिरलं. तुम्ही तिकीट काढून दिवसा जाता, संध्याकाळी घरी येता. आमच्याकडे तो घरी येतो. कांद्याला पाणी द्यायचं तर थ्री फेज लाइट आठवड्यातले निम्मे दिवस रात्रीची. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात फावडं, दोन्ही बाजूंना ऊस. माझ्या चुलतभावाचा कुत्रा ओट्यावरून उचलला, भावजय दाराच्या आत उभी होती. वनखात्याकडे पिंजरा मागितला तर म्हणाले, आधी फोटो आणा. शिकायचं आम्हीच का?

रानवेल
दादा, तुमचा राग समजतो. पण पिंजऱ्यानं प्रश्न सुटत नाही. जुन्नर भागात पकडलेले बिबटे दुसरीकडे नेऊन सोडले, तर सोडले तिथे माणसांवर हल्ले वाढले. बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय यांनी यावर काम केलंय. पुढे त्यांनी अकोले तालुक्यातल्या शेतीत कॅमेरे लावले, तेव्हा तिथे माणसांच्या वस्तीतच बिबटे राहतात हे दिसलं. ज्या बोरिवलीचं कौतुक चाललंय, तिथेही 2004 मध्ये कितीतरी माणसं गेली. निभावतं ते आपोआप नाही, त्यानंतर पाड्यांतून, सोसायट्यांतून, पोलिसांबरोबर वर्षानुवर्षं काम झालं म्हणून.

निफाडचा ऊसवाला
कॅमेरे लावणारे सकाळी येऊन कार्ड काढून नेतात. माझी आई रोज रात्री ओसरीवर असते. ऊसतोडीत बछडी सापडली की टीव्हीवाले येतात, आई-पिल्लांची भेट दाखवतात, सगळ्यांना गहिवरून येतं. त्या रात्री त्याच फडाशेजारी आम्ही झोपतो, ते कुणी दाखवत नाही.

रानवेल
माझं आजोळ सिन्नरकडचं. आजी अजून तिथेच असते, तेव्हा फक्त तुमच्याच आईचं काळीज धडधडतं असं नका समजू. दिवसा लाइट, बंदिस्त गोठा, घराजवळ दिवा, वस्तीलगत उकिरडा नको. आजीकडे एवढं केल्यावर फरक पडला.

निफाडचा ऊसवाला
दिवसा लाइट हे बोललात ते बरोबर. ती मागणी तुम्ही शहरातले लोक कधी लावून धरत नाही. आणि एक कबूल करतो, मनातून नाही. मागच्या हिवाळ्यात आमच्या शिवारातला धरून नेला, गाव खूश झालं. द्राक्षाची छाटणी व्हायच्या आत दुसरा आला. पण म्हणून पिंजरा मागायचा सोडणार नाही. लेकरं शाळेत चालत जातात.

कातळपायरी
धागा कुठून कुठे गेला. पण निफाडच्या दादांचं वाचून एक सुचलं. नियम ठरवताना तिथे राहणाऱ्याला कुणी विचारतच नाही, उसात नाही आणि गडाखालीही नाही. गोदाकाठ, माणसांच्या संख्येवरची तुमची मर्यादा मी मानतो, पण फक्त जुलै ते सप्टेंबरच्या शनिवार-रविवारी. आणि पावतीपुस्तक गावच्या वन समितीच्या हातात, ठेकेदाराच्या नाही. बाराही महिने फाटक लावाल तर मी विरोधातच.

गोदाकाठ
गिधाडं हिवाळ्यात घरट्यांवर असतात, तेव्हा कड्याजवळची वाट बंद हवी. तेवढं धरा. समितीचं मान्य, हिशोब ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागणार असेल तर.

कातळपायरी
कड्याची वाट ठीक. पूर्ण गड नाही.

सिडकोकर
पहिल्या पावत्यांच्या पैशातून पायथ्याला बायकांसाठी स्वच्छतागृह आणि पाणी. ते होईपर्यंत आम्ही घरचे बोरिवलीलाच जाणार.